अभ्यास आणि मंडळ : कॉलेजातल्या मुलामुलींसाठी आठवड्याचा हिशेब

बारावीचा निकाल लागून कॉलेजात प्रवेश झाला, की लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा भागातल्या आपल्या पुष्कळ घरांत एकच वाद सुरू होतो. वडील म्हणतात, "आता तीन वर्षं फक्त अभ्यास. मंडळ नाही, मित्र नाहीत, गरबा नाही." मुलगा म्हणतो, "कॉलेज म्हणजे नुसती पुस्तकं थोडीच?" आई दोघांच्या मध्ये उभी असते. मुलगी असेल तर वादही होत नाही, कारण तिला विचारायचे असते हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या मंडळात आम्ही निवृत्त मंडळी दर रविवारी बसतो, तेव्हा पालक हाच विषय काढतात. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म बँकेत आकडेमोड करण्यात गेला. म्हणून म्हटले, या वादाचा एकदा कागदावर हिशेब मांडून बघू. उपदेश आपल्या मुलांना भरपूर मिळतो, हिशेब कमी मिळतो.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त अवघड का?

सुरतेतली आपली बहुतेक कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबार भागातून, ताप्ती लाईनच्या गाडीने इथे आली. कोणी लूमवर लागले, कोणी एम्ब्रॉयडरीत, कोणी रिंग रोडच्या कापड मार्केटात. त्यामुळे आज कॉलेजात जाणारी अनेक मुले घरातली पहिलीच. सेमिस्टर म्हणजे काय, क्रेडिट म्हणजे काय, एटीकेटी लागली तर पुढे काय, हे घरात सांगणारे कोणी नसते. शेजारच्या मोठ्या घरातल्या मुलाला काका-मामा सांगतात. आपल्या मुलाला ते मित्रांकडूनच कळते.

दुसरी गोष्ट भाषेची. घरात अहिराणी, महानगरपालिकेच्या शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि अठवालाईन्सच्या सर के. पी. कॉमर्स किंवा एम. टी. बी. आर्ट्ससारख्या कॉलेजात गेल्यावर गुजराती आणि इंग्रजी. पहिल्या सेमिस्टरला वर्गात बसूनही अर्धे कळत नाही, आणि विचारायला लाज वाटते. अशा मुलाला "मित्र करू नकोस" असे सांगणे म्हणजे त्याची वाट बंद करण्यासारखे आहे. शेजारच्या बाकावरचा गुजराती मित्रच त्याला नामाची, म्हणजे अकाउंट्सची, गुजराती परिभाषा दोन दिवसांत समजावतो.

विन्सेंट टिंटो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली, मुले कॉलेज अर्धवट का सोडतात याची एक मांडणी केली. ती पुढे जगभर वापरली गेली. सार असे, की ज्याचा धागा अभ्यासाशीही जुळतो आणि कॉलेजातल्या माणसांशीही जुळतो, तो टिकतो. यातला एक धागा जरी जुळला नाही तरी विद्यार्थी हळूहळू सुटत जातो. आपल्या वस्तीत कॉलेज सोडलेली मुले आठवून पाहा. बुद्धी कमी म्हणून सोडणारे थोडे. "तिथं आपलं कोणी नव्हतं" म्हणून सोडणारे जास्त.

नर्मद आणि साने गुरुजी

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते कवी नर्मद सुरतेचेच. जन्म २४ ऑगस्ट १८३३. शिकायला ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गेले, आणि तिथे बरोबरीच्या तरुणांच्या बुद्धिवर्धक सभेत रमले. वयाच्या सतरा-अठराव्या वर्षी त्यांनी जो निबंध वाचला त्याचे नाव 'मंडळी मळवाथी थता लाभ'. म्हणजे मंडळी जमल्याने होणारे फायदे. गुजराती गद्याची सुरुवात अनेक अभ्यासक या निबंधापासून मानतात. कॉलेजच्या वयातल्या मुलांनी जमावे, बोलावे, लिहावे, याचा विचार सुरतेच्या या माणसाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी केला होता.

पण हिशेबात दुसरी बाजूही लिहावी लागते. नर्मदांचे कॉलेजचे शिक्षण पूर्ण झाले नाही. घरच्या अडचणी होत्या, मन साहित्यात होते. ते नर्मद होते म्हणून त्यांचे निभावले. लूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या बापाच्या मुलाला पदवीशिवाय निभावणे फार कठीण.

आणखी एक उदाहरण ताप्ती लाईनवरच्याच अमळनेरचे. साने गुरुजी १९२४ साली तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्यांनी घेतली. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक सुरू केले. वर्ग आणि वसतिगृह, धडा आणि गप्पा त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत. अमळनेरकडची जी घरे सुरतेत आहेत, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी ही शाळा पाहिलेली आहे. मुलांचे एकत्र राहणे हेही शिक्षणच, ही कल्पना आपल्याला नवी नाही.

१६८ तासांचे पासबुक

आता मूळ हिशेबाकडे. आठवड्याचे तास १६८. श्रीमंताला जास्त नाहीत, गरिबाला कमी नाहीत. हे सगळ्यांचे एकसारखे जमा खाते आहे. खर्च मांडू.

झोप रोज साडेसात तास, म्हणजे ५२॥ तास. अंघोळ, जेवण, घरचे काम रोज ३ तास, म्हणजे २१. लिंबायत-डिंडोलीहून कॉलेजला जाणे-येणे रोज दीड तास धरला तर सहा दिवसांचे ९.

वर्गाचे तास किती? यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. सहा सेमिस्टरना भागले की एका सेमिस्टरला २०. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास शिकवणे. २० क्रेडिटचे ३०० तास झाले. सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचे, म्हणजे आठवड्याला २० तास. प्रॅक्टिकल वगैरे धरून २२ म्हणू. सायन्सच्या मुलांनी यात आणखी भर घालावी, कारण प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास लागतात.

वर्गाबाहेरचा स्वतःचा अभ्यास आठवड्याला २० तास. म्हणजे रोज तीन तासांपेक्षा थोडा कमी.

बेरीज : ५२॥ + २१ + ९ + २२ + २० = १२४॥.

१६८ मधून वजा केले की शिल्लक ४३॥ तास. रोजचे सहा तासांहून जास्त! म्हणजे "अभ्यास केला तर मित्रांना वेळच उरत नाही" हे मुलाचे म्हणणे खरे नाही, आणि "मित्र असले तर अभ्यास होणारच नाही" हे वडिलांचे म्हणणेही खरे नाही. दोन्हीला जागा आहे.

मग वेळ जातो कुठे? मोबाईलवर रोज चार तास गेले, तर आठवड्याचे २८. शिल्लक राहिले १५॥. गणपतीच्या मंडळावर, वाढदिवसावर, डुमसच्या फेरीवर घरात भांडण होते, कारण ते डोळ्यांना दिसते. मोबाईल दिसत नाही. तो घरात, आईच्या समोर बसून चालतो. त्यात पुन्हा दहा-दहा मिनिटांचे तुकडे असतात. बँकेत ज्याला आम्ही किरकोळ खर्च म्हणत असू, त्याचीच वर्षअखेर बेरीज सगळ्यात मोठी निघायची.

आमची सूचना एवढीच. एक आठवडा वहीत तासातासाची नोंद करा. कोणाला दाखवू नका, स्वतःशी खोटे लिहू नका. शनिवारी बेरीज करा. पुढचा उपदेश ती बेरीजच करेल.

नोकरी करून शिकणाऱ्यांचे खाते

आपल्या वस्तीत अर्धवेळ काम करणारी मुले पुष्कळ. मार्केटात हिशेब लिहिणे, एम्ब्रॉयडरीच्या खात्यात बसणे, ट्यूशन घेणे. रोज चार तास, सहा दिवस धरले तर २४ तास झाले. वरच्या ४३॥ मधून गेले की उरतात १९॥. यातून २८ तासांचा मोबाईल वजा होऊच शकत नाही. तो होतो तेव्हा ओव्हरड्राफ्ट निघतो, आणि हा ओव्हरड्राफ्ट झोपेतून किंवा अभ्यासातून फेडला जातो. व्याज परीक्षेत लागते.

अशा मुलांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. पहिली, मित्र सोडू नका, पण ठिकाण बदला. कामावरून येताना, प्रवासात, एकत्र जेवताना जी गप्पा होते ती फुकट मिळते. दुसरी, काम पूर्णवेळ करावेच लागत असेल तर रोजच्या कॉलेजच्या नावाखाली गैरहजर राहून अंतर्गत गुण घालवू नका. इग्नू १९८५ पासून आणि अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९९४ पासून अशाच विद्यार्थ्यांसाठी आहे. मुक्त विद्यापीठाच्या पदवीत कमीपणा काही नाही. नापास होण्यापेक्षा ती वाट शहाणपणाची.

सण आणि सेमिस्टर

सुरतेत आपल्या मुलांची खरी कसोटी ऑगस्ट ते नोव्हेंबर. आधी आपला गणपती दहा दिवस, मग नऊ रात्री गरबा, मग शरद पौर्णिमा, चंदी पडवोची घारी, आणि लगेच दिवाळी. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षा साधारण याच दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे येतात. महाराष्ट्रातल्या मुलाला मुख्यतः गणपती सांभाळायचा असतो. सुरतेतल्या मराठी मुलाला गणपती आपला म्हणून आणि नवरात्र शहराचे म्हणून, असे दोन्ही सांभाळायचे असतात.

त्यात तारखा दरवर्षी सरकतात. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि घटस्थापना २२ सप्टेंबरला. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. जवळजवळ अठरा-एकोणीस दिवसांचा फरक. म्हणजे आदल्या वर्षी ज्याचे "गणपती झाल्यावर करू" जमून गेले, त्याचे अधिक महिन्याच्या वर्षी जमेलच असे नाही. जूनमध्येच भिंतीवरचे कालनिर्णय आणि विद्यापीठाचे वेळापत्रक शेजारी ठेवावे, आणि सणांचे दिवस आधीच लाल पेनाने खोडून टाकावेत. त्या दिवशी अभ्यास होणार नाही, हे मान्य करावे. मग उरलेल्या दिवसांत तो विभागून टाकावा.

दहा दिवसांच्या गणपतीत दहाही दिवस मंडपात बसण्याची गरज नसते. स्थापना, एखादी आरतीची पाळी, एक कार्यक्रम आणि विसर्जन एवढे ठरवून घ्यावे. मंडळांच्या अध्यक्षांनाही आमची विनंती आहे. कॉलेजच्या मुलांना पाळ्या लावून द्या. एका मुलाला दहा रात्री जागरणाला बसवण्यापेक्षा दहा मुलांना एकेक रात्र द्या. गरब्याचेही तसेच. नऊच्या नऊ रात्री मध्यरात्रीपर्यंत नाचून सकाळी साडेसातच्या लेक्चरला कोणी जाऊ शकत नाही. तीन रात्री ठरवा, त्या मनसोक्त खेळा.

एक गोष्ट मात्र पालकांनी समजून घ्यावी. मंडळाचे काम म्हणजे नुसता वेळेचा नाश नव्हे. वर्गणीचे पावतीपुस्तक सांभाळणे, जमाखर्च लिहिणे, पोलीस आणि महानगरपालिकेची परवानगी काढणे, मंडपवाल्याशी भाव ठरवणे, विसर्जनाला कृत्रिम तलावावर शंभर माणसांना शिस्तीत नेणे. बीकॉमच्या मुलाने गणपतीचा हिशेब पावत्यांसह चोख लिहून सर्वांसमोर वाचला, तर व्हाउचर आणि ताळेबंद त्याला पुस्तकापेक्षा लवकर समजेल. फक्त काम नेमून घ्यावे. "मंडळात असतो" हे काम नव्हे, "मंडळाचा हिशेब बघतो" हे काम.

थोडे थोडे, पण रोज

जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःच्याच स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरले जाते, आणि मध्ये अंतर ठेवून उजळणी केली तर कमी मेहनतीत टिकते, हे त्यांनी दाखवले. आपण बँकवाले याला रिकरिंग डिपॉझिट म्हणू. रोज थोडे भरा, मुदत संपल्यावर रक्कम मोठी दिसते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकरकमी भरायला गेले की तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होते.

दुसरा प्रयोग २००६ सालचा. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी धडा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, ती आठवड्यांनी असते.

या दोन्ही गोष्टींत मित्र कामाला येतात. तिघे-चौघे जण आठवड्यातून दोनदा तासभर बसा. प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने पुस्तक न बघता सांगायचे. ज्याला समजावता आले त्याला समजले. मग चहा, मग गप्पा. क्रम उलटा केला तर चहाच होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण इथे उलटी वापरावी.

आणि दिवसाचे काम दिवसालाच मिटवा. बँकेत संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. न जुळलेली रक्कम सस्पेन्स खात्यात टाकली की ती महिनोन्‌महिने मानगुटीवर बसते. आज वर्गात न समजलेली गोष्ट आजच वहीत एका ओळीत लिहा, उद्या मित्राला किंवा सरांना विचारा. सस्पेन्स खाते वाढू देऊ नका.

गेलेल्या वर्षाची किंमत

"एक विषय राहिला तर काय होतं?" असे मुले सहज म्हणतात. होते ते सांगतो. आयबीपीएसच्या क्लार्कच्या परीक्षेला खुल्या गटाची वयोमर्यादा २० ते २८, आणि पीओला २० ते ३०. राखीव गटांना सवलत आहे, पण मर्यादा सगळ्यांनाच आहे. पदवी एक वर्ष लांबली की संधीही एक वर्षाने कमी होते. शैक्षणिक कर्ज घेतले असेल तर कोर्स संपेपर्यंत आणि पुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असते. कोर्स लांबला की मुदतवाढीसाठी बँकेत अर्ज करत फिरावे लागते. आणि घरात धाकटी बहीण वाट बघत असते. दादाचे झाले की तिच्या फीचे बघू, असे तिला सांगितलेले असते. दादाचे वर्ष गेले की पुष्कळदा तिचे शिक्षण जाते. हा खर्च कुठल्याही वहीत लिहिला जात नाही.

दुसऱ्या बाजूने, त्याच क्लार्कच्या नोकरीसाठी राज्याची भाषा यावी लागते. गुजरातेत गुजराती. बोलता, वाचता, लिहिता येणारी. ही भाषा गुजराती मित्रांच्या घरी उंधियू खाताना आणि उत्तरायणला त्यांच्या गच्चीवर पतंग उडवताना जितकी सहज येते, तितकी पुस्तकातून येत नाही. आपल्याच गल्लीतल्या आपल्याच चार मुलांत फिरणारा मुलगा ही कमाई घालवतो.

मुलींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो

वरच्या पासबुकात आम्ही घरकामाचे आणि अंघोळ-जेवणाचे मिळून रोज तीन तास धरले. पुष्कळ घरांत मुलीचे हे पाच तास होतात. दोन तास जास्त म्हणजे आठवड्याचे १४. शिवाय अंधार पडण्याआधी घरी यायचे, म्हणून लायब्ररी नाही, गटअभ्यास नाही, कॉलेजचे नाटक नाही, एन.एस.एस.चे शिबिर नाही. मुलगी परीक्षेत चांगले गुण आणते, म्हणून सगळे ठीक आहे असे आपण समजतो. पण मुलाखतीत चार माणसांसमोर बोलायची वेळ येते तेव्हा तिची सवय कमी पडते, आणि ती सवय आपणच लागू दिलेली नसते.

पालकांना आमचे सांगणे असे. सुरक्षिततेची काळजी खरी आहे, तिला उपाय शोधा. चार मैत्रिणींचा गट एकत्र जाऊ-येऊ शकतो. गटअभ्यास आळीपाळीने एकेकीच्या घरी होऊ शकतो. भांडी मुलगाही घासू शकतो. मंडळाच्या कार्यकारिणीत कॉलेजच्या मुलींना हिशेब आणि सूत्रसंचालन द्या, नुसती रांगोळी आणि आरतीचे ताट नको.

नाही म्हणायला शिकणे

शेवटची गोष्ट छोटी, पण मुलांना सगळ्यात जड जाणारी. मित्र दारात येऊन हाक मारतो, आणि "आज नाही" म्हणवत नाही. म्हटले तर तो तुटेल अशी भीती वाटते. अशा वेळी नकारासोबत दिवस द्या. "आज नाही, शनिवारी संध्याकाळी नक्की." आणि शनिवारी खरोखर जा. बँकेत ज्याचा चेक एकदाही परत गेला नाही त्याच्या शब्दाला किंमत असते. मैत्रीतही तसेच. दिलेला दिवस पाळणाऱ्याला कोणी गर्विष्ठ म्हणत नाही. आणि जो मित्र परीक्षेच्या आठवड्यातही समजून घेत नाही, त्याच्यावर किती तास खर्च करायचे हे तुमचे पासबुकच सांगेल.

पालकांनीही मुलाला "कुठे होतास?" एवढेच विचारू नये. "कोण मित्र आहेत, त्यांना एकदा जेवायला बोलाव" असे म्हणावे. खान्देशी घरात शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीला माणूस नको म्हणत नाही. मित्र घरात आले की ते कसे आहेत हे आपोआप कळते, आणि मुलालाही लपवायला काही उरत नाही.

आठवड्याची नोंद करून बघितलेल्या मुलामुलींनी आपली वही घेऊन रविवारी मंडळात जरूर यावे. बेरीज-वजाबाकी जुळवून द्यायला आम्ही बसलेलोच आहोत.